मुक्तस्रोत कोड-विश्लेषण साधनाची पुढची वाटचाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही जण मिळून कोड तपासण्याचे जे मुक्तस्रोत साधन सांभाळतो, त्याचे पुढे काय होणार, असे ते वापरणाऱ्यांनी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि इथल्या कारखान्यांसाठी व दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. त्या सर्वांना एकाच ठिकाणी सविस्तर उत्तर मिळावे म्हणून हे पान लिहिले आहे. जे ठरले आहे ते ठरले म्हणून लिहिले आहे, आणि ज्यावर आमच्यातच अजून एकमत झालेले नाही तेही तसेच नोंदवले आहे.

हे साधन नेमके काय करते?

प्रोग्रॅम न चालवता, केवळ त्याचा कोड वाचून, त्यात कुठे चूक असण्याचा संभव आहे ते दाखवते. सध्या ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील कोड पूर्णपणे आणि जावास्क्रिप्ट या भाषेतील कोड अंशतः वाचू शकते. अशा साधनांना 'लिंटर' म्हणतात. स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली बेल लॅब्जमध्ये सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, त्यावरून हा शब्द रूढ झाला. लिंट म्हणजे कापडाला चिकटून राहणारे कापसाचे बारीक तंतू. यंत्रमागाच्या शेडमध्ये थोडा वेळ उभे राहिले की केसांवर आणि शर्टाच्या बाह्यांवर जे पांढरे थर बसतात ते हेच, त्यामुळे या शब्दाचा अर्थ सोलापूरकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या आवृत्तीतील सर्वांत महत्त्वाचे काम कोणते?

मराठी मजकूर हाताळणाऱ्या कोडमधील चुका ओळखणे. याआधी आमचा क्रम वेगळा होता. नवीन भाषा आधी आणि देवनागरी नंतर, असे ठरले होते. तो क्रम का बदलला, हे एका प्रसंगावरून सांगणे सोपे जाईल.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगारांना दिलेल्या उचलीचे 'ॲडव्हान्स' हे खाते महिन्याच्या अहवालात दोनदा येत होते आणि प्रत्येक ठिकाणी रकमेचा काही भागच दिसत होता. आमच्यापैकी एकाला ते पाहायला बोलावले. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे होते. शेवटी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला दिलेला ठरावीक क्रमांक) छापून पाहिला तेव्हा उलगडा झाला. एका शब्दात 'ॲ' हे एकच स्वतंत्र चिन्ह होते आणि दुसऱ्यात 'अ' लिहून त्याच्यापुढे 'ॅ' ही मात्रा जोडलेली होती. एक कारकून कार्यालयातील संगणकावर टंकलेखन करत होते आणि दुसरे मोबाइलवर, इतकाच काय तो फरक होता. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ते जोडूनच लिहावे लागत असे, आणि जुने कळफलक व जुना मजकूर आजही तेच रूप वापरतात.

यातली खरी अडचण पुढे आहे. युनिकोडमध्ये एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची 'नॉर्मलायझेशन' नावाची ठरलेली प्रक्रिया आहे. 'ऱ' हे अक्षर 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी लिहिले असेल, तर ही प्रक्रिया त्याचे एकच 'ऱ' करून देते. 'ॲ'च्या बाबतीत मात्र ती काहीच करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपे समान नाहीत. 'ऑ'चेही तसेच आहे. म्हणजे ज्या प्रोग्रॅमरने काळजीपूर्वक नॉर्मलायझेशन केले आहे, तोही इथे फसतो. आणि ज्याने मराठी कधी टंकलिखित केलेले नाही, त्याच्या हे लक्षात येण्याची शक्यता फारच कमी आहे. असा दोष हुडकणारे साधन दुसरे कोणी आपल्यासाठी तयार करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही, असे आमचे ठाम मत झाले आणि हे काम यादीत सर्वांत वर आले.

कोड न चालवता असा दोष कसा सापडेल?

वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर कोडमध्ये कुठून येतो आणि कुठे जाऊन पोहोचतो, याचा माग काढून. अर्जातील रकाना, एक्सेलमधून काढलेली फाइल किंवा दुसऱ्या सर्व्हरकडून आलेले उत्तर ही उगमस्थाने झाली. दोन मजकुरांची तुलना, डिक्शनरीची की (ज्या शब्दाने नोंद शोधली जाते तो शब्द) किंवा डेटाबेसमधील एकमेव असायला हवा असा रकाना ही पोहोचण्याची ठिकाणे झाली. या दोहोंच्या मध्ये मजकूर शुद्ध करून घेणारे फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कुठेच लागत नसेल, तर साधन इशारा देईल आणि उगमापासून शेवटापर्यंतची प्रत्येक ओळ क्रमाने दाखवील. नुसते 'इथे चूक आहे' असे सांगितलेला इशारा लोक बाजूला सारतात, तर वाट दाखवणारा इशारा वाचतात, असा आमचा अनुभव आहे.

सध्याचे साधन हा माग एका फंक्शनच्या आतच काढू शकते. एका फंक्शनमधून दुसऱ्यात आणि एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये तो काढता यावा, यासाठी प्रत्येक फंक्शनचा एक छोटा सारांश तयार करून ठेवण्याची पद्धत आम्ही लिहीत आहोत. या फंक्शनमध्ये काय येते, त्यातले काय शुद्ध होऊन बाहेर पडते आणि काय तसेच राहते, एवढेच त्या सारांशात असते. या आवृत्तीतील सर्वांत अवघड काम हेच आहे. त्यासोबत मराठी मजकूर एकसारखा करून देणारे एक लहानसे फंक्शनही आम्ही देणार आहोत, कारण इशारा देऊन उपाय न सांगणे बरोबर नाही.

मराठीसाठी आणखी कोणते नियम येणार आहेत?

पहिला नियम अंकांचा आहे. पायथन ३ मध्ये मजकुराची तपासणी करताना रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा नमुना जुळवून पाहण्याच्या खुणांमधील) 'बॅकस्लॅश-डी' हे चिन्ह केवळ इंग्रजी अंकांशी जुळते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात ते देवनागरी अंकांशीही जुळते. जावास्क्रिप्टमध्ये हेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक स्वीकारते. समजा, एखाद्याने अर्जात सोलापूरचा पिनकोड ४१३००१ असा देवनागरीत भरला. पायथनमधील तपासणी तो सहा अंकी म्हणून मान्य करते आणि तो जसाच्या तसा साठवला जातो. पुढे खिडकीवरचा कर्मचारी इंग्रजी अंकांनी शोध घेतो तेव्हा त्याला ती नोंद सापडत नाही. पायथनला देवनागरी अंकांचे वावडे नाही, पूर्णांकात रूपांतर करताना तो '१२' हे बारा म्हणून बरोबर ओळखतो. जावास्क्रिप्टमध्ये तेच रूपांतर निष्फळ ठरते. देवनागरीत अंक लिहिणाऱ्याची यात काहीही चूक नाही, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. म्हणून आमचा इशारा 'देवनागरी अंक नाकारा' असे सांगणार नाही. 'साठवण्यापूर्वी अंक एकाच प्रकारात आणा' असे सांगेल.

दुसरा नियम मजकूर कापण्याचा आहे. 'सोलापूर' या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. पायथन त्याची लांबी सात सांगतो, कारण प्रत्येक मात्रा तो वेगळी मोजतो, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) साठवताना त्याच शब्दाला एकवीस बाइट लागतात. पावतीवर जागा कमी म्हणून कोणी पहिली पाच चिन्हे घेतली, तर 'सोलाप' छापले जाते. तीन घेतली तर 'सोल'. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजण्याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत, पण जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम त्यात देवनागरीसाठी २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या लायब्ररी 'पुस्तक' हा शब्द अजूनही 'स्' आणि 'त' यांच्यामध्ये तोडतात. प्रत्येक कापणी चुकीची नसते, म्हणून हा नियम इशारा न देता सौम्य सूचना देईल. तो मुळात असावा की नाही, यावर आमच्यात दोन मते आहेत.

तुमचे साधन मराठी शब्दांतील अदृश्य चिन्हांना धोकादायक ठरवते. ते थांबणार आहे का?

होय, आणि हा दोष पूर्णपणे आमचा आहे. २०२१ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 'ट्रोजन सोर्स' या नावाने दाखवून दिले की उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी असलेली दिशादर्शक अदृश्य चिन्हे कोडमध्ये पेरली, तर वाचणाऱ्याला एक कोड दिसतो आणि संगणक वेगळाच चालवतो. धोका खराच होता. त्यानंतर आम्ही घाईने एक नियम लिहिला आणि त्यात सर्वच अदृश्य चिन्हांना एका दावणीला बांधले.

त्यांत 'शून्य-रुंदीचा जोडक' हे चिन्हही आले, आणि मराठीला ते आवश्यक आहे. अनेक कळफलक 'दऱ्या' हा शब्द लिहिताना 'र', हलन्त आणि त्यापुढे हा अदृश्य जोडक वापरतात. आमच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवून एका विद्यार्थ्याने आपल्या भूगोलाच्या प्रश्नसंचातून ही सर्व चिन्हे एका फटक्यात पुसून टाकली आणि डोंगरांतील दऱ्यांचा 'दर्या' म्हणजे समुद्र झाला. पुढच्या आवृत्तीत दिशादर्शक चिन्हांवरचा इशारा तसाच कडक राहील. जोडक मात्र देवनागरी व्यंजन आणि हलन्त यांच्या लगत आला असेल, तर तो निर्दोष मानला जाईल. आज ज्यांना याचा त्रास होत आहे, त्यांनी हा नियम सेटिंगमधून बंद ठेवावा. पण चिन्हे पुसू नयेत.

सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलल्या जातात. त्या भाषांचे काय?

लिपीविषयीची सर्व माहिती आम्ही नियमांच्या कोडमधून बाहेर काढून वेगळ्या तक्त्यांत ठेवत आहोत, जेणेकरून तेलुगू किंवा कन्नड जाणणाऱ्याला साधनाचा अंतर्गत कोड न शिकता आपल्या लिपीचा तक्ता भरता येईल. ते तक्ते आम्ही स्वतः अंदाजाने भरणार नाही. आमच्या लिपीबद्दल परक्यांनी केलेले अंदाज आम्हाला किती महागात पडले, हे वर लिहिलेच आहे.

सर्व चुका पकडणारे साधन कधी तयार होईल?

कधीच नाही, आणि याचे कारण गणितातले आहे. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले. प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीच्या जवळजवळ कोणत्याही प्रश्नाला हीच मर्यादा लागू पडते, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये दाखवले. म्हणून प्रत्येक विश्लेषकाला तडजोड करावी लागते: एक तर काही चुका सुटतील किंवा काही इशारे खोटे निघतील.

तरीही साध्या तपासणीचे मोल कमी नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या प्रणालीत सुरक्षित जोडणी पडताळणाऱ्या कोडमध्ये एक गंभीर दोष उघड झाला. फंक्शनच्या शेवटाकडे उडी मारणारी एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ कोणत्याही अटीत नसल्यामुळे ती उडी नेहमीच घेतली जात होती आणि त्याखालची स्वाक्षरीची अंतिम पडताळणी कधीच होत नव्हती. 'या ओळीपर्यंत प्रोग्रॅम कधीच पोहोचत नाही' एवढे सांगणारा नियम तो दोष दाखवू शकला असता. असा नियम आमच्याकडे पायथनसाठी आहे, जावास्क्रिप्टसाठी तो पुढच्या आवृत्तीत येईल.

इशाऱ्यांची संख्या कमी होणार आहे का?

होय. नवीन नियम आधी 'प्रायोगिक' गटात जाईल आणि मूळ सेटिंगमध्ये बंद असेल. खऱ्याखुऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांवर तो चालवून, त्यातला प्रत्येक इशारा माणसाने वाचून, बहुतांश खरे निघाल्याशिवाय तो सर्वांसाठी चालू होणार नाही. आज चालू असलेल्या काही नियमांनाही या कसोटीतून जावे लागेल आणि त्यातले काही गळतील, याची आम्हाला कल्पना आहे.

याशिवाय जुन्या प्रकल्पांसाठी 'आधाररेषा' ही सोय येत आहे. दहा वर्षे जुन्या कोडवर साधन पहिल्यांदा चालवले की इशाऱ्यांचा ढीग पडतो आणि माणूस घाबरून साधनच काढून टाकतो. आधाररेषेत आजचे सर्व इशारे नोंदवून बाजूला ठेवले जातील आणि यापुढे लिहिलेल्या किंवा बदललेल्या ओळींवरचेच दाखवले जातील. ही नोंद ओळ क्रमांकाने ठेवली, तर वर एक ओळ वाढताच सगळे बिघडते. म्हणून ती आजूबाजूच्या कोडवरून काढलेल्या खुणेने ठेवली जाईल.

नवीन प्रोग्रॅमिंग भाषा कोणत्या येतील?

जावास्क्रिप्ट पूर्ण झाल्यावर पीएचपी आणि त्यानंतर जावा. महाविद्यालयांत जावा शिकवतात म्हणून ती आधी घ्यावी, अशी विद्यार्थ्यांची मागणी आहे. परंतु मराठी मजकुराच्या ज्या तक्रारी आमच्यापर्यंत आल्या, त्या पीएचपीमध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरबद्दल जास्त होत्या. सी आणि सी प्लस प्लस यांसाठी सीपीपीचेक आणि क्लँगचे विश्लेषक ही उत्तम मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत, त्यामुळे ते काम आम्ही हाती घेणार नाही.

यासाठी पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, बदलावा लागत आहे. आज पायथनचा कोड आम्ही पायथनच्याच अंगभूत 'एएसटी' मॉड्यूलने वाचतो. ते विश्वसनीय आहे, पण कोडमधील टिपा फेकून देते आणि एका ठिकाणी कंस राहिला तरी संपूर्ण फाइल नाकारते. 'ट्री-सिटर' ही मुक्तस्रोत प्रणाली अर्धवट कोडही वाचू शकते, टिपा जपते आणि बदललेला भागच पुन्हा वाचते. बदल मोठा आहे, म्हणून काही काळ दोन्ही पार्सर शेजारी शेजारी चालवून त्यांचे निकाल ताडून पाहिले जातील.

एडिटरमध्ये लिहितानाच इशारे दिसतील का?

पार्सरचे काम झाल्यावर दिसतील. प्रत्येक एडिटरसाठी वेगळे प्लगइन न लिहिता आम्ही मायक्रोसॉफ्टने २०१६ साली खुला केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि विश्लेषक यांच्यातील संवादाची सामाईक पद्धत, वापरणार आहोत. अहवालासाठीही 'सॅरिफ' हे ओॲसिस संस्थेचे प्रमाणित स्वरूप येईल. इशाऱ्यांचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही मिळेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणार का?

इशारा द्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी नाही. त्याच कोडवर साधन आज आणि उद्या चालवले, तर निकाल एकच आला पाहिजे आणि तो का आला हे नियमावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे, ही आमची अट आहे. शिवाय साधन तुमच्याच संगणकावर चालते आणि तुमचा कोड कुठेही पाठवत नाही. हे बदलणार नाही. नियम लिहिताना एखाद्या सहभागीने अशा साधनाची मदत घेतली, तर हरकत नाही, पण त्या नियमाच्या चाचण्या त्याने स्वतः समजून घेतलेल्या असाव्यात.

परवाना बदलेल का? पुढे पैसे द्यावे लागतील का?

नाही. साधन एमआयटी परवान्याखाली आहे आणि राहील. आम्ही सहभागींकडून हक्क लिहून घेत नाही. प्रत्येकाने लिहिलेल्या कोडचे हक्क त्याच्याकडेच राहतात. एमआयटी परवान्यामुळे कोणीही हा कोड आपल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये वापरू शकतो, पण उद्या आमच्यापैकी कोणाच्या मनात आले, तरी आजवर प्रसिद्ध झालेला कोड सर्वांसाठी खुलाच राहील.

पुढची आवृत्ती कोणत्या तारखेला येईल?

तारीख आम्ही देत नाही. आमच्यापैकी कोणी शिकत आहे, कोणी नोकरी करत आहे आणि काही जण कामानिमित्त पुण्याला गेले आहेत. ते सुटीला हुतात्मा एक्स्प्रेसने येतात तेव्हा सगळे एकत्र बसतो आणि अडलेले निर्णय त्या दिवशी मार्गी लागतात. क्रम मात्र पक्का आहे: आधी अदृश्य चिन्हांच्या नियमाची दुरुस्ती, मग आधाररेषा, त्यानंतर मजकुराचा माग काढणारे विश्लेषण व देवनागरीचे नियम, आणि शेवटी नवा पार्सर. दुरुस्ती आवृत्ती इतर कामांसाठी थांबवली जाणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आम्ही कोणतीही आवृत्ती काढत नाही, कारण त्यात काही बिघडले तर दुरुस्तीला कोणीच हाताशी नसते.

मी विद्यार्थी आहे. मला सहभागी होता येईल का?

जरूर. कोड लिहूनच सुरुवात करावी असे नाही. प्रायोगिक नियमांचे इशारे वाचून खरे-खोटे ठरवण्याच्या कामाला आम्हाला सर्वाधिक माणसे हवी आहेत, आणि दुसऱ्यांचा कोड वाचायला शिकण्याची ती उत्तम संधी आहे. त्यानंतर एखाद्या नियमाची चाचणी लिहावी. पुल रिक्वेस्टवरील, म्हणजे सुचवलेल्या बदलावरील, चर्चा मराठीत करायला हरकत नाही. कमिटचा (बदलाच्या नोंदीचा) संदेश मात्र इंग्रजीत लिहावा, कारण सोलापूरबाहेरचे वापरकर्तेही तो वाचतात.

मराठी मजकुराशी संबंधित दोष कळवताना काय पाठवावे?

नुसते पडद्याचे छायाचित्र पाठवू नये, कारण 'ॲडव्हान्स'सारखा दोष छायाचित्रात दिसतच नाही. मूळ मजकूर साध्या फाइलमध्ये, यूटीएफ-८ स्वरूपात जोडावा. संदेशात चिकटवला, तर वाटेत एखादे अदृश्य चिन्ह गळू शकते. तो कोणत्या कळफलकाने लिहिला होता, तेही कळवावे. मजकुरात कोणाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा हिशेबाची रक्कम असेल, तर ती काढून केवळ तेवढा शब्द ठेवावा, आणि शब्द काढताना दोष नाहीसा तर झाला नाही ना, हे पाठवण्यापूर्वी एकदा साधन चालवून पाहावे.